होमस्टेडच्या काळातली शिकार आणि लिव्हर-अॅक्शन रायफल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होमस्टेड म्हणजे नेमकं काय, आणि हा काळ कोणता?

२० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. २१ वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या माणसाला १६० एकर सरकारी जमीन मिळायची. अट अशी की तिथे घर बांधायचं, पाच वर्षं राहायचं आणि जमीन कसायची. सरकारी फी सगळी मिळून १८ डॉलर. १९०९ साली कोरडवाहू भागांसाठी ही मर्यादा ३२० एकर झाली. इथे आपण साधारण १८६५ ते १९१५ या पन्नास वर्षांचा आणि नेब्रास्का, कॅन्सस, डकोटा, मोंटाना, वायोमिंग या पट्ट्याचा विचार करतो.

‘फुकट’ वाटलेली ही जमीन लाकोटा, शायेन आणि इतर मूळ रहिवाशांची होती, हे विसरून या विषयावर बोलता येत नाही. लिव्हर-अॅक्शन रायफल (चापाभोवतीची कडी खाली-वर करून पुढचं काडतूस चढवायची बंदूक) त्यांच्याही हातात होती. जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा-शायेन योद्ध्यांपैकी अनेकांकडे हेन्री आणि विंचेस्टर या बनावटीच्या अशा रायफली होत्या, तर समोरच्या अमेरिकी घोडदळाकडे एकेरी बाराच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन, म्हणजे आखूड नळीच्या रायफली.

प्रत्येक होमस्टेडरच्या घरात विंचेस्टर असायची का?

नाही. हा सिनेमाचा परिणाम. सर्रास दिसायची ती छर्‍याची बंदूक, नाहीतर यादवी युद्धातून उरलेली ठासणीची. ससे, प्रेअरी चिकन, बदकं यांच्यासाठी छर्राच लागतो, आणि ताटात रोज येण्यासारखं मांस हेच होतं. लिव्हर-अॅक्शन आली ती दोन-चार पिकं हाती आल्यावर किंवा सेकंडहँड.

मग ती इतकी लोकप्रिय का झाली? भराभर बार काढता येतात म्हणून?

लढाईत ते खरं. शिकारीत तो गुण दुय्यम होता. काडतूस विकत आणावं लागतं आणि गाव वीस-तीस मैलांवर, अशा घरात कुणी बार उधळत नाही. खरी कारणं वेगळी. रायफल चपटी आणि सडपातळ, त्यामुळे घोड्याच्या खोगिराला किंवा दाराच्या चौकटीवर सहज राहते. पहिला नेम चुकला तर खांद्यावरून न काढता दुसरा बार मिळतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे विंचेस्टरच्या १८७३ पासूनच्या मॉडेलांची रिकामी पुंगळी घरी पुन्हा भरता येते. त्याआधीच्या हेन्री आणि १८६६ च्या मॉडेलांत .४४ रिमफायर काडतूस होतं. त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच असतो, म्हणून एकदा उडवली की ती पुंगळी भंगारात. सेंटरफायरमध्ये तो बुडाच्या मधल्या टोपीत असतो; टोपी बदलली की पुंगळी पुन्हा कामाला येते.

लिव्हर-अॅक्शन चालते कशी?

नळीखाली दुसरी बारीक नळी असते, ते मॅगझिन. त्यात काडतुसं एकामागे एक आडवी आणि पुढून स्प्रिंगचा दाब. चापाभोवतीची कडी हीच लिव्हर. ती खाली ढकलली की बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) मागे येतो, हूक रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो, घोडा (बार उडवणारा हातोडा) चढतो. लिव्हर वर घेताना कॅरिअरने वर उचललेलं नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, ढकललं जातं. भरायचं बाजूच्या झडपेतून. ही झडप नेल्सन किंग यांची, १८६६ च्या मॉडेलात आली. आधीच्या हेन्रीत मॅगझिन पुढून भरावं लागे आणि त्याच्या तळाला उघडी खाच होती. आतल्या दट्ट्याची कडी त्या खाचेतून मागे सरकत यायची आणि पुढच्या हाताला अडायची. बर्फ-मातीही तिथूनच आत जायची.

१८७३ चा बोल्ट दोन सांध्यांच्या दुव्याने अडवलेला असतो. गुडघा ताठ केला की पाय भार पेलतो, तसंच. दुवा सरळ असेपर्यंत पक्का, पण जोरदार काडतुसासाठी अपुरा. म्हणून बंदुकांचे रचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी १८८६ च्या मॉडेलात बोल्टच्या दोन्ही बाजूंना उभ्या पोलादी खुंट्या दिल्या.

कोणतं मॉडेल कशासाठी?

विंचेस्टर १८७३: .४४-४० काडतूस, २४ इंची नळीत १५, २० इंची कार्बाइनमध्ये १२. जंगलातलं हरीण, जवळून. पुढे .३८-४० आणि .३२-२० मध्येही आली. कोल्टचं रिव्हॉल्व्हरही १८७८ पासून .४४-४० मध्ये मिळू लागलं, त्यामुळे कमरेला आणि खांद्याला एकच काडतूस.

१८७६: तीच रचना, आकाराने थोराड. .४५-७५.

१८८६: .४५-७०, .४०-८२, .४५-९०. एल्क (थोराड जातीचं हरीण) आणि अस्वलासाठी ही. वजन नऊ पौंडांच्या वर जातं, दिवसभर पायी हिंडायला जड.

१८९२: १८८६ ची धाकटी बहीण, काडतुसं १८७३ चीच. आमच्या मते लहान काडतुसासाठी याहून चांगली जुनी रायफल नाही.

१८९४: सुरुवातीला .३२-४० आणि .३८-५५. १८९५ मध्ये नव्या निकेल-स्टीलच्या नळीसह .३०-३० आलं, बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचं. हरणाची रायफल म्हटलं की अमेरिकेत अजून हीच डोळ्यासमोर येते. एकूण सत्तर लाखांहून अधिक बनल्या.

मार्लिन (दुसरी कंपनी): १८८९ पासून वरून बंद, पुंगळी बाजूला फेकणारी. पावसात आणि हिमात हा फायदा मोठा.

सॅव्हेज कंपनीची १८९९: घोडा आत लपलेला, मॅगझिन फिरत्या चक्राचं. टोकदार गोळी चालते.

.४४-४० म्हणजे किती? हे ग्रेन काय प्रकरण आहे?

पहिला आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचात. दुसरा काळ्या दारूचं वजन, ग्रेनमध्ये. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड. मराठी माणसाला सोपं जावं म्हणून: जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. .४४-४० ची २०० ग्रेनची गोळी म्हणजे तोळ्याहून जरा जास्त शिसं, आणि दारू पाव तोळ्याहून किंचित कमी.

किती लांबून मारता येतं?

.४४-४० ची गोळी सेकंदाला साधारण १,२५० फूट वेगाने निघते. १०० यार्डांवर नेम बसवला असेल तर २०० यार्डांवर ती अडीच फुटांच्या आसपास खाली जाते. हरणाचं काळीज-फुप्फुस मिळून नऊ-दहा इंचांचा भाग. म्हणजे अंतराचा अंदाज वीस यार्डांनी चुकला तरी गोळी पोटात किंवा पायात. हिशोब सरळ आहे: .४४-४० ने १०० यार्ड, त्यापुढे नाही. .३०-३० ची गोळी १६० ग्रेनची, वेग सेकंदाला जवळपास २,००० फूट. तीच २०० यार्डांवर फुटाहून थोडी जास्त पडते, म्हणून १५० यार्ड आरामात.

नेम धरायच्या मागच्या खाचेखाली पायर्‍यांची एक पट्टी असते, ती सरकवून अंतर बदलतात. आमचा सल्ला: एकाच पायरीवर ठेवा. घाईत पायरी बदलायचं विसरणं हे चुकलेल्या बाराचं नेहमीचं कारण.

गोळीचं टोक चपटं का?

नळीच्या मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीला टेकलेलं असतं. टोकदार गोळी असेल तर धक्क्याने तीच टोपी फोडायची आणि मॅगझिन हातात फुटायचं.

अडकते का? नेमकी कुठे?

अडकते, आणि दहातल्या आठ वेळा दोष हाताचा असतो. लिव्हर अर्धवट मारली की पुंगळी पूर्ण बाहेर पडत नाही आणि नवं काडतूस वर यायला लागतं; दोन्ही एका दारात. लिव्हर ठोक्याला लागेपर्यंत झटक्यात खाली, तशीच झटक्यात वर. हळुवारपणा इथे कामाचा नाही.

दुसरं कारण काडतुसाची लांबी. १८७३ चा कॅरिअर पितळी ठोकळा आहे, त्याच्या मापाचंच काडतूस हवं. आखूड पडलं तर मागच्या काडतुसाची कड ठोकळ्यात शिरते आणि ठोकळा वर उचलतच नाही. हे बहुधा घरी भरलेल्या काडतुसात होतं: पुंगळीचं तोंड गोळीवर नीट आवळलं नसेल तर मॅगझिनच्या स्प्रिंगच्या दाबाने आणि धक्क्याने गोळी आत सरकते. काळ्या दारूने पुंगळी भरलेली असल्याने गोळीला खालून टेकू असतो. बिनधुराची दारू थोडी असते, टेकू नसतो, म्हणून तिथे आवळणं दुप्पट महत्त्वाचं.

तिसरं थंडी. शून्याखाली वीस-तीस अंशांवर तेल आणि चरबी घट्ट होते, घोडा सुस्त पडतो आणि टोपी फुटत नाही. हिवाळ्यात आतले भाग पुसून कोरडे ठेवायचे, फार तर रॉकेलचं बोट. आणि बाहेरून आलेली रायफल चुलीजवळ न्यायची नाही. पोलादावर पाणी सुटतं, पुन्हा बाहेर नेली की त्याचा बर्फ.

घरी काडतुसं कशी भरत?

लागणारं सामान: चिमट्यासारखं हत्यार, गोळीचा साचा, पळी, टोप्यांची डबी, शिसं, कथील आणि दारू. एक पौंड दारूत ४० ग्रेनचे १७५ बार, एक पौंड शिशात २०० ग्रेनच्या ३५ गोळ्या. म्हणजे २५ पौंड शिसं आणि ५ पौंड दारू बरोबर जुळतं: ८७५ काडतुसं. वर्षाला तीन-चार हरणं मारणार्‍या घराला हे कित्येक वर्षांचं.

बार उडवल्याच्या दिवशीच पुंगळ्या साबणाच्या गरम पाण्यात टाकायच्या. राहिल्या की काळ्या दारूचा मळ पितळ खातो. वाळवून जुनी टोपी काढायची, तोंड पूर्ववत आवळायचं. .४४-४० ची मान कागदासारखी पातळ, हत्यारात तिरकी गेली की चुरगळते. शंभरात दोन-चार गमवाव्या लागतातच. नवी टोपी बसवताना ती कडेच्या किंचित खाली हवी. वर राहिली तर मॅगझिनमध्ये मागची गोळी तिच्यावरच टेकणार.

शिशात सोळाव्या किंवा विसाव्या भागाएवढं कथील मिसळायचं. साचा थंड असेल तर गोळीला सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती पांढुरकी दाणेदार दिसते. पहिल्या दहा-बारा पुन्हा भांड्यातच. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी वाफेने सगळं तोंडावर उडतं. शिशाचा धूर घरात साठू द्यायचा नाही, ही काळजी त्या काळी फारशी कुणी घेतली नाही. गोळीच्या खाचांत मधमाश्यांचं मेण आणि चरबी थापायची, नाहीतर नळीत शिसं चिकटतं आणि मळ दगडासारखा होतो.

दारू सावकाश ओतायची म्हणजे ती दबून बसते. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी ठेवायची नाही, त्याने चेंबर फुगू शकतं. आजच्या जाड बुडाच्या पुंगळीत ४० ग्रेन मावत नाही, ३५ च्या आसपास थांबावं लागतं. आणि काळ्या दारूची पळी बिनधुराच्या दारूला लावलीत तर रायफल फुटणारच.

शिकार कशी करत?

जमिनीचा तुकडा सपाट, उघडा. हरणं असायची ओढ्याकाठच्या कॉटनवुडच्या झाडीत. उजाडायच्या आधी वार्‍याच्या खालच्या अंगाला, झाडीतून शेताकडे येणार्‍या वाटेवर बसायचं. वारा पाठीवर लागला की उठून जागा बदलायची. नोव्हेंबर उत्तम: नर माजावर असतो, सावधपणा कमी होतो, आणि थंडीमुळे मांस टिकतं. उन्हाळ्यात मोठं जनावर मारणं म्हणजे अर्धं फेकून देणं. तेव्हा ससे आणि पाखरं, त्याच दिवशी संपतील एवढी.

सावज आडवं उभं राहीपर्यंत थांबायचं. नेम पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसर्‍या भागात. बार झाला की काळ्या दारूचा पांढरा धूर समोर भिंतीसारखा उभा राहतो आणि काही दिसत नाही. म्हणून बाराच्या आधी जनावराजवळचं एक झाड किंवा दगड मनात पक्का करून ठेवायचा, शोध तिथून. लिव्हर लगेच मारायची, पण धावायचं नाही. जखमी हरीण कुणी मागे लागलं नाही तर जवळच बसतं. मागे लागलं तर मैलभर जातं.

अर्ध्या तासाने रक्त बघायचं. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस, पन्नास-शंभर पावलांवर सापडेल. गडद असेल तर यकृत. हिरवट आणि घाण वास असेल तर गोळी पोटात गेली. तेव्हा कित्येक तास थांबावं लागतं आणि बरंचसं मांस गेलेलंच असतं.

पडल्यावर मांसाचं काय करत?

मांस नासतं ते मुख्यतः आतल्या उष्णतेने. म्हणून तासाभरात कोथळा बाहेर. गुदद्वाराभोवती गोल काप घेऊन आतडं मोकळं करायचं. मग पोटाची कातडी दोन बोटांनी वर उचलून, सुरीची धार आकाशाकडे ठेवून, बोटांच्या मधून चिरत छातीपर्यंत. धार खाली केली की पोट फाटतं आणि आतला चोथा मांसाला लागतो. मूत्राशय चिमटीत धरून अलगद. छाती आणि पोट यांमधला पडदा कडेने कापायचा, हात वर घालून श्वासनलिका तोडायची आणि सगळं एकदम बाहेर ओढायचं. यकृत आणि काळीज वेगळं ठेवायचं, त्या रात्रीचं जेवण तेच. पोटात काठीचा आडवा टेकू देऊन, सावलीत टांगायचं. पाण्याने धुवायचं नाही, ओलं मांस लवकर बिघडतं. कोरड्या फडक्याने पुसायचं.

जिवंत ६५ किलोच्या हरणातून हाडाविना २५ किलोच्या आसपास मिळतं. थंडीत गोठवून टांगलेलं चालायचं. बाकीचं मिठात खारवायचं किंवा धाग्याच्या दिशेने बोटाएवढे पातळ पट्टे कापून, मीठ लावून, धुरावर आणि वार्‍यावर सुकवायचं. पट्टा वाकवला की तडकतो पण तुटत नाही, तेव्हा झालं. जाड पट्टा बाहेरून कडक होतो आणि आतून सडतो. हरणाच्या मांसात चरबी फार कमी. डुकराची चरबी घरात असेल तरच हे जेवण पुरतं पडायचं.

बायसनही याच रायफलने संपवले का?

बहुतांशी नाही. ते काम व्यावसायिक शिकार्‍यांचं, शार्प्ससारख्या जड एकेरी रायफलींनी, कातड्यासाठी. १८८३ च्या सुमारास उत्तरेकडचा कळपही संपला होता. नंतर आलेल्या होमस्टेडरने गोळा केली ती हाडं, खतकारखान्यांना विकायला. हरणं आणि एल्कही पुढे इतकी घटली की राज्यांनी हंगाम आणि मर्यादा घातल्या. १९०० च्या लेसी कायद्याने चोरट्या शिकारीचं मांस राज्याबाहेर नेणं गुन्हा ठरलं.

.४५ कोल्टची लिव्हर-अॅक्शन होती का?

त्या काळी नाही. त्या पुंगळीची कड इतकी बारीक की हुकाला पकडच मिळत नव्हती. आज मिळते ती आधुनिक नक्कल. तसंच १८७० च्या गोष्टीत नायकाच्या हातात १८९२ चं मॉडेल दिसलं तर हसून सोडून द्या.

साफसफाई?

काळ्या दारूचा मळ क्षारयुक्त, हवेतलं पाणी ओढतो. तेलाने क्षार विरघळत नाही, पाण्यानेच विरघळतो. त्याच रात्री: लिव्हर उघडी, आतल्या भागात फडकं कोंबायचं म्हणजे घाण पाणी यंत्रात उतरणार नाही. साबणाच्या कढत पाण्यात भिजवलेल्या चिंध्या गजाला लावून फिरवायच्या, पाच-सहा चिंध्यांत मळ निघतो. मग नुसतं कढत पाणी, तापलेली नळी आपोआप सुकते. कोरडी चिंधी, शेवटी चरबीचा हात. दुसर्‍या दिवशी पुन्हा एक चिंधी. तपकिरी निघाली तर काल पाणी कमी पडलं.

विंचेस्टरची नळी पुढूनच साफ करावी लागते. लोखंडी गज तोंडाच्या कडेला घासत राहिला की कड झिजते आणि गोळ्या पसरायला लागतात. जुन्या रायफलीचा नेम बिघडण्यामागे गोळ्यांपेक्षा हा गज जास्त असतो. लाकडी गज वापरा किंवा दोरी ओढा. मार्लिनच्या १८९३-९४ मॉडेलांत लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट मागून निघतो, तिथे हा प्रश्नच नाही.

जुन्या १८७३ मध्ये नवी काडतुसं चालतील?

१९०३ च्या सुमारास १८९२ साठी जोरदार .४४-४० निघाली, तेव्हा खोक्यावरच १८७३ मध्ये वापरू नका असं छापलेलं असे. तीच सूचना आजही लागू. बंदूकदुरुस्ती जाणणार्‍याने तपासल्याशिवाय कोणतंही काडतूस घालू नका.

भारतात अशी रायफल ठेवता येते का? शिकार?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकार गुन्हा आहे. रायफल नक्कल असो की अस्सल, फरक पडत नाही. रायफल बाळगायला शस्त्र कायदा, १९५९ खाली परवाना लागतो, तो जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तालयाकडून. वाड्याच्या माळ्यावर जुनी बंदूक सापडली तर ‘जुनी आहे, चालतंय’ असं धरू नका. भरलेली आहे असं समजून हात न लावता पोलीस ठाण्यात कळवा.

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर आहोत. हरणाच्या शिकारीला जाता येईल?

संघराज्याचा कायदा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई करतो, पण राज्याचा वैध शिकार परवाना हा त्याला ठरवून दिलेला अपवाद आहे. म्हणून परवाना आधी, बंदुकीला हात नंतर. मित्राची उसनी घेतली तरी. राज्याचे नियम वेगळे असतात, शिकार-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही बहुतेक ठिकाणी लागतं. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई नाही. १८९८ किंवा त्याआधी बनलेली रायफल संघराज्याच्या कायद्यात ‘अँटिक’ धरली जाते. १८९४ मॉडेल असलं तरी ती रायफल प्रत्यक्ष कोणत्या साली बनली ते क्रमांकावरून बघावं लागतं.

जुनी विकत घेताना काय तपासावं?

आधी रिकामी करा: तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, काडतुसं निघायची थांबेपर्यंत लिव्हर मारा, मग चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा. मॅगझिनमध्ये एखादं अडकलेलं असू शकतं, दट्ट्या दिसला पाहिजे. घोडा अर्ध्या खाचेवर, म्हणजे अर्धाच चढवून, ठेवा आणि चाप दाबा. पडला तर खाच झिजली आहे, ती रायफल काडतूस भरून बाळगायची नाही. १८७३ आणि १८९४ मध्ये लिव्हर पूर्ण मिटल्याशिवाय घोडा पडता कामा नये. नळीत मागून उजेड टाकून पुढून बघा: आटे (नळीच्या आतल्या वळणदार खाचा) धारदार हवेत, काळे खड्डे चेंबरजवळ असतील तर पुंगळ्या अडकतील. नळीवर बिनधुराच्या दारूसाठी निकेल-स्टील असल्याचा शिक्का नसेल तर काळ्या दारूचीच समजा. आणि स्क्रूच्या खाचा बघा. त्या चावल्यासारख्या झाल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या पेचकसाने ती उघडली आहे, आणि आत काय केलंय ते उघडल्यावरच कळेल.